दिवसभर छान होती

सातवीण फुलली की मला एका जागी बसवत नाही.

फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत फाटकापासून पार्किंगपर्यंत सातविणीची रांग आहे. दिवाळीच्या आगेमागे त्या झाडांना हिरवट-पांढरे गुच्छ येतात आणि ऊन कललं की त्यांचा तो गोड, जड, कपाळ धरणारा वास जिन्याने वर चढत येतो. त्याच्या पाठोपाठ धूर. सकाळी बाल्कनीत जावं तर समोरची बिल्डिंग जागेवर आहे की रात्रीतून कुणी उचलून नेली, असा प्रश्न पडावा. सूर्य उगवतो तो सुकलेल्या संत्र्याच्या फोडीसारखा, रस नसलेला. जिभेवर दिवसभर विझलेल्या काडीची चव. पुण्याहून बहिणीचा फोन येतो, "काय गं, थंडी पडली का तुमच्याकडे?" तिला काय सांगायचं? आमच्याकडे थंडीच्या आधी आणखी एक ऋतू येतो. पंचांगात त्याला नाव नाही. इथली पोरं त्याला 'पॉल्यूशनवाली छुट्टी' म्हणतात आणि त्याची वाट बघतात. त्यांच्या आया मात्र मोबाईल हातात धरून शाळेचा मेसेज आला का बघत असतात, आणि आला की त्यांचे चेहरे उतरतात. मुलांना सुट्टी मिळते, आयांना मिळत नाही.

परवा तो मेसेज आला आणि दुपारी रूपालीचा फोन.

"काकू, शाळा बंद झाली बघा परत. ऑनलाइन क्लास घेणार म्हणे. केतकीला उद्या तुमच्याकडे ठेवू का? ह्यांची दिवसाची ड्यूटी आहे, आणि आमच्याकडे मानेसरला ऑडिट. रजा मागितली तर मॅनेजर कच्ची खाईल मला."

"ठेव की. विचारतेस काय?" मी म्हटलं.

तोंडातून गेलं. फोन ठेवला. डाळ निवडायला घेतली, ठेवून दिली. कपाटातली धुतलेली पांघरुणं पुन्हा घड्या घालून ठेवली. हे पेपरमागून म्हणाले, "कुणी येतंय का? घर का उचकतेस?" रूपालीची केतकी येतेय म्हटलं. "अच्छा, मग चांगलंय की," म्हणाले आणि पुन्हा पेपरात गेले. यांनाही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

रूपालीला मला एक गोष्ट सांगायची राहिली होती. राहिली होती म्हणणंसुद्धा लबाडीच. ती मी ठेवली होती. केतकी तान्ही असल्यापासून माझ्या पाळणाघरात होती. तिला ऐकू येत नाही हे तिच्या आईच्या आधी मला कळलं होतं. आणि मी बोलले नाही. एक अख्खा धुराचा ऋतू, आणि त्यानंतरचा हिवाळा, आणि त्यानंतरही.

मी मुळात बोलकी नाही. फरीदाबादला येण्याआधी ह्यांची सरकारी नोकरी, दिल्लीत सरोजिनी नगरचं क्वार्टर, पिवळ्या चुन्याच्या भिंती, मागे लहानसं अंगण. तिथेच मी पाळणाघर चालवलं. बाजार जवळ, रविवारी कपड्यांच्या ढिगाऱ्यांतून 'सौ में दो, सौ में दो'च्या हाका आमच्या अंगणापर्यंत यायच्या. ते क्वार्टर आता उभं नाही. सगळी ओळ पाडली, तिथे उंच टॉवर आले. एकदा मेट्रोतून उतरून मुद्दाम बघायला गेले होते. आपलं अंगण नेमकं कुठे होतं हे कळेना. एका वॉचमनने विचारलं, "किसको ढूँढ रही हो, माताजी?" मी म्हटलं, "किसी को नहीं."

माझ्या पाळणाघराआधी काही दिवस मी एका ऑफिसच्या पाळणाघरात मदतनीस होते. तिथे पोरं सांभाळणाऱ्या एक जुन्या बाई होत्या, सगळे त्यांना बुआजी म्हणायचे. माझ्या पहिल्याच आठवड्यात एक पोरगं भिंत सोडून चालू लागलं. मी टाळ्या पिटल्या, आईला फोन करायला निघाले, तर बुआजींनी मनगट धरलं. "पगली! पहला कदम माँ का होता है. हमने कुछ नहीं देखा." संध्याकाळी आई आली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "टाँगों में जान आ गई है इसकी, घर में ध्यान रखना." दुसऱ्या दिवशी ती बाई उड्या मारत आली. "बुआजी, कल चला! मेरे सामने चला!" आणि बुआजींनी गालांवर हात ठेवून असा काही चेहरा केला की मीसुद्धा क्षणभर फसले. "हाय राम! सच्ची?"

आमच्या कामातला हा रिवाज कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्या बायका पाळतात. पहिलं पाऊल, पहिला शब्द, पहिला दात आपण पाहिलाच नाही म्हणायचं. दिवसभर पोर आपल्याकडे, पण पहिलेपण आईचं. मला तो रिवाज फार आवडला. मी त्यात तरबेज झाले. "अगं बाई, हो?" हे तीन शब्द मी इतक्या आयांना म्हटलेत, आणि त्यातल्या एकीलाही कधी संशय आला नाही.

आणि दुसरं एक वाक्य होतं, संध्याकाळचं. आया दारात येत. उंबऱ्याबाहेर, पायात चप्पल-बूट तसेच, रस्त्यावर ऑटो थांबलेली, ओढणी खांद्यावरून घसरलेली. "कशी होती?" "दिवसभर छान होती." बस्स. पोर इकडून तिकडे, पिशवी इकडून तिकडे. त्यांना दुसरं काही ऐकायला वेळ नसे आणि बळही नसे, असं मला वाटायचं. दिवसात पोर दोनदा ओकलं असेल, कुणाला चावलं असेल, कोपऱ्यात बसून 'मम्मा' म्हणत राहिलं असेल. आईला घरी जाऊन पोळ्या लाटायच्या आहेत, तिच्या डोक्यात आणखी हे कशाला? आम्ही ते आमच्याकडेच ठेवून घ्यायचो. दयेपोटी. असं मी म्हणायची.

रूपाली आली ती साताऱ्याकडची, डिप्लोमा केलेली, बोलण्यात अजून गावाकडचा धीटपणा. नवरा फौजेत, तेव्हा सीमेवर. ही छावणीतल्या क्वार्टरमध्ये एकटी. मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत लागली होती. कंपनीची बस धौला कुआँच्या चौकातून लवकर सुटायची, म्हणून भल्या सकाळी ऑटोने पोरीला माझ्याकडे आणून सोडायची, दुपट्यात गुंडाळलेली, झोपलेली. पहिल्या दिवशी म्हणाली, "काकू, नोकरी अजून कच्ची आहे. सासूबाई तर वाटच बघतायत. पोरगी जरा शिंकली तरी म्हणतील, ये निघून गावाला. तेवढं बघा हं." मी म्हटलं, "तू निर्धास्त जा." जाताना ती पोरीकडे नाही, माझ्याकडे बघायची. देवाला हात जोडून निघतात ना, तशी.

केतकी गुणाची पोर होती. आमच्या कामात गुणाची कुणाला म्हणतात, ते सांगितलं पाहिजे. पाळणाघरात एक रडलं की सगळी उठतात. दुपारी मोठ्या मुश्किलीने गाद्यांवर ओळीने झोपवलेली पोरं, आणि कुकरची शिट्टी झाली की सगळी दचकून भोकाड पसरणार. त्यात एखादं पोर असतं जे उठत नाही. शेजारी कितीही आकांत चालू दे, ते आपलं शांत. असं पोर म्हणजे सोनं. केतकी तसली. म्हणून मी तिची गादी स्वयंपाकघराच्या दाराशी टाकायची. तिथे कुकर, मिक्सर, भांड्यांचा खणखणाट. दुसरं कुठलं पोर तिथे टिकत नसे. हिला काही फरक पडत नाही, हे मला ठाऊक होतं. का फरक पडत नाही, ते मात्र मी मनाला विचारलं नव्हतं. आज कळतं, माझ्या हातांना ते माझ्याआधी कळलं होतं. त्यांनीच रोज तिची गादी तिथे टाकली.

त्या वर्षी दिवाळीत फटाक्यांनी सरोजिनी नगर हादरत होतं. उशिरा घरी जाणारी तीन-चार मुलं माझ्याकडे होती. सगळी माझ्या कुशीत शिरून थरथरत होती. केतकी खिडकीकडे तोंड करून बसली होती. आकाशात उजेड झाला की हसायची. नुसता आवाज झाला की काही नाही. शेजारच्या खुराणा आंटी म्हणाल्या, "शेरनी है ये, फौजी की बेटी!" मीही म्हटलं, हो ना, शेरनी.

मग तो धूर आला. त्या वर्षी फार आला. शाळांबरोबर पाळणाघरंही बंद ठेवा म्हणून सांगितलं गेलं. पण आया कुठे जाणार? मी बंद ठेवलं आणि उघडंही ठेवलं. पडदे ओढून, पोरांच्या चपला आत घेऊन, खिडक्यांच्या फटींत ओले पंचे कोंबून. खोलीत दिवसाही दिवा. पोरं खोकायची, नाकं वाहायची, एकाच नेब्युलायझरची घरघर आळीपाळीने चालायची. ओल्या पंच्यांचा कुबट वास, व्हिक्सचा वास, आणि फटीतून तरीही शिरणारा सातविणीचा. त्या कोंडलेल्या खोलीत, सगळ्यांना जवळ घेऊन दिवस काढताना, मला ते दिसायला लागलं जे मोकळ्या अंगणात दिसलं नसतं. हाक मारली की बाकीची पोरं वळत. केतकी माझा चेहरा दिसला तरच वळे. आधी ती 'बाबाबा, दादादा' असं काही बडबडायची. ते कमी कमी होत गेलं होतं.

एका दुपारी मी स्टीलची ताटली घेतली. तिच्या मागे बसले आणि चमच्याने वाजवली. सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. एक तर खेळ समजून हसायलाच लागलं. केतकी समोरच्या ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहिली. मी आणखी जोरात वाजवली. तिने ठोकळा ठेवला, तो पडला नाही म्हणून खुश झाली आणि हे कुणाला दाखवावं म्हणून मागे वळली. मी दिसले. ताटली माझ्या हातात. ती माझ्याकडे बघून हसली.

मी ताटली मोरीत नेऊन ठेवली. सर्दीने कान बसले असतील, मी स्वतःला सांगितलं. धुराने सगळ्यांचेच बसलेत. सगळ्या खोट्यांत हे खोटं सगळ्यात सोपं होतं, कारण अर्धं खरं होतं. आणि मनाच्या तळाशी दुसरंच चाललं होतं. सांगितलं तर ही उद्या नोकरी सोडेल. सासूबाई घेऊन जातील. आणि मी तरी कोण, मी काय डॉक्टर आहे? आणि बंदीच्या दिवसांत पडदे ओढून पोरं ठेवलीस म्हणून मलाच कुणी विचारलं तर? हे शेवटचं कारण मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. बाकीची कारणं मी अनेकदा उगाळली आहेत. हे कधी नाही.

संध्याकाळी रूपाली दारात. मास्क हनुवटीवर, डोळे धुराने लाल. "कशी होती?"

"दिवसभर छान होती," मी म्हटलं.

हे वाक्य मी त्यानंतर रोज म्हटलं.

उन्हाळ्यात दिराच्या लग्नाला ती गावी गेली. मांडवात ताशा कडाडत होता आणि पोरगी ताशावाल्याच्या पायाशी गाढ झोपली होती. कुणातरी आत्याबाईंनी ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. परत आल्यावर एका सुट्टीच्या दिवशी रूपाली माझ्याकडे आली. बसली. पदराशी चाळा करत म्हणाली, "काकू, केतकीला ऐकू येत नाही."

आणि मी काय म्हटलं? माझे दोन्ही हात आपोआप गालांवर गेले. "अगं बाई, हो?"

तोच चेहरा. पहिल्या पावलांच्या वेळचा. वर्षानुवर्षं घोटलेला.

तिला काही कळलं नाही. ती रडत म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं हो. दिवसभर बाहेर असते ना मी. डॉक्टर म्हणाले, बोलणं शिकायचं हेच वय, आधी आणायला हवं होतं." मी उठून पाणी आणलं. पाणी देता येतं नेहमी.

मग मशीन आली. कानामागची दोन लहान यंत्रं, गुलाबी. ती कशी लावायची, घामाने भिजली तर कशी पुसायची, सेल कसे बदलायचे, हे सगळं मी शिकले. कुणी शिकलं नसेल इतक्या मन लावून. मशीन लावलेल्या पहिल्या दिवशी मी विसरून तिची गादी नेहमीच्या जागी टाकली. कुकरची शिट्टी झाली. ती उठून बसली. आधी डोळे विस्फारले, मग ओठ वाकडे झाले, आणि ती अशी किंचाळत आली आणि माझ्या पोटाला बिलगली की मला वाटलं माझ्याच आत काहीतरी फाटलं. तिला वाटत होतं, मी वाचवेन.

गादी मी त्या दिवशी आतल्या खोलीत हलवली.

माझी मुलगी नेहा इथेच, पुढच्या सेक्टरात राहते. तिची जाई वर्षाची होईल आता. नेहा कामावर परतायची वेळ आली तेव्हा तिने गृहीतच धरलं होतं. मी गुडघ्यांचं कारण काढलं. "आई, तू अख्ख्या सरोजिनी नगरची पोरं सांभाळलीस यार," ती म्हणाली. "माझ्याच पोरीला तुझे गुडघे आडवे येतात?" हे हसले, "तिचे गुडघे शहाणे आहेत, माणूस बघून दुखतात." कसं सांगू की मला माझ्या गुडघ्यांची नाही, माझ्या जिभेची भीती वाटते?

जाई आता त्यांच्या सोसायटीतल्या क्रेशमध्ये जाते. नेहाला उशीर झाला की आणायला मी जाते. मी दारात उभी असते, बाहेर, पायात चप्पल तशीच. आतून एक तरुण मुलगी जाईला आणते, माझ्याकडे देते. थकलेली असते, तरी हसते. "सब बढ़िया, आंटीजी. पूरा दिन बढ़िया रही." आणि मी पोरीला छातीशी धरून घरी येईपर्यंत तिच्या डोक्यामागे चुटक्या वाजवत येते. डाव्या बाजूने, उजव्या बाजूने. ती वळते. दर वेळी वळते. तरी मी वाजवतेच. वाटेतले लोक बघतात, आजी नातीला खेळवतेय.

तर काल सकाळी बेल वाजली. रूपाली आणि केतकी. रूपालीच्या नवऱ्याने फौज सोडून इथल्याच एका कारखान्यात सुरक्षेचं काम धरलं, तेव्हापासून ती फरीदाबादेतच असते. दर दिवाळीला चकल्या घेऊन येते. केतकी आता माझ्या खांद्याला लागते. मशीन निळ्या झाल्यात, वर चांदण्यांचे स्टिकर. काही अक्षरं जरा बोथट येतात, पण बोलते मात्र आईवर गेल्यासारखी. आल्या आल्या म्हणाली, "आजी, तुमचं प्युरिफायर किती ओरडतं! मशीनमध्ये नुसतं घर्रर्र येतं. बंद कर दूँ?" आणि उत्तराची वाट न बघता बंद केलं.

रूपाली दारातूनच पिशवी देत होती. "डबा आहे, टॅबलेट आहे, चार्जर आहे. जाते मी, बस चुकेल."

मी म्हटलं, "रूपाली, पाच मिनिटं आत ये. स्वयंपाकघरात."

तिथे ओट्याला टेकून मी सांगितलं. फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं छातीवर बसलेली गोष्ट, बोलायला घेतली तर एवढीशी निघाली. गादी, फटाके, ताटली. पडदे. भीती. ती ऐकत होती. खांद्यावरची पर्स तिने काढली नाही.

मला वाटलं, रडेल. ती रडली नाही.

"मला घरी दिसायचं, काकू," ती म्हणाली. "मी हाक मारायची, ती बघायची नाही. पातेलं पडलं तरी बघायची नाही. मग मी म्हणायची, काकूंनी एवढी पोरं वाढवली, काही असतं तर त्या बोलल्या नसत्या का? तुम्ही रोज सांगायचात, छान होती. मी माझ्या डोळ्यांना खोटं पाडलं. तुम्हाला नाही पाडलं."

हे मला माहीत नव्हतं. मी समजत होते की मी तिच्यापासून एक गोष्ट लपवली. मी तर जी गोष्ट तिला दिसत होती तीही तिच्या हातून काढून घेतली होती.

"आणि आमच्याकडचं ते हळदीकुंकू आठवतं?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सासूबाई आल्या होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, नोकरीच्या नादात हिने पोरीचे कान घालवले. तुम्ही तिथेच होतात. चहा गाळत होतात."

गाळत होते. चहा गाळून झाला होता, तरी मी गाळणं धरून उभी राहिले होते, कारण ते ठेवलं असतं तर वळावं लागलं असतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. किती लहान शब्द आहेत हे.

"हो," ती म्हणाली. "चुकलं."

तिने घड्याळाकडे पाहिलं. मग बाहेरच्या खोलीत सोफ्यावर पालथ्या पडलेल्या पोरीकडे. "ठेवतेय मी तिला आज," म्हणाली. "दुसरं कुणी नाही म्हणून. माफ केलं म्हणून नाही." पोरीच्या समोर जाऊन, तोंड तिच्याकडे करून, "जाते गं. आजीला त्रास देऊ नको," म्हणाली, आणि गेली. जिन्यात तिचे कारखान्याचे जाड बूट वाजत खाली उतरत गेले. मी ते शेवटच्या पायरीपर्यंत ऐकले.

दिवस मोठा गेला. बाहेर उजेड वाढलाच नाही. दुपारी बाराला संध्याकाळ असावी तसा. केतकी क्लासला बसली. मी मटार सोलत होते. थोड्या वेळाने टॅबलेट पलंगावर आपटल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर पोरगी गुडघ्यांत डोकं घालून बसलेली आणि दोन्ही मशीन काढून उशीवर टाकलेल्या. मी समोर जाऊन जमिनीवर बसले. गुडघे खरंच दुखतात माझे. बसले तरी. तिने वर पाहिलं तेव्हा डोळे लाल होते.

मशीन परत लावून घेतल्यावर हळूहळू बोलली. ऑनलाइनमध्ये टीचरचा आवाज फाटतो. ओठ दिसत नाहीत, कॅमेरा लांब असतो. टीचरने काहीतरी विचारलं, तिने भलतंच उत्तर दिलं, आणि खिडक्यांतली सगळी तोंडं हसली. तोंडं हसलेली तिला बरोबर दिसतात. "मागच्या छुट्टीतपण असंच झालं होतं," ती म्हणाली. मग माझ्या हातावर हात ठेवून, "आजी, मम्मीला नका सांगू हं. प्लीज. ती परत नोकरी सोडायचं बोलेल. मग पप्पा आणि ती भांडतील. तुम्ही सांगा, छान होती."

बाहेर धूर होता तिथेच होता. सातविणीचा वास बंद खिडकीतूनही येत होता. मला हसू आलं की काय, कुणास ठाऊक. तेच वाक्य. माझ्या हातात आयतं आणून ठेवलेलं. किती सोपं होतं. पोरीचं मनही राखलं गेलं असतं.

"मी सांगणार आहे," मी म्हटलं. ओठ तिला दिसतील असे. "तुझ्यासमोर सांगणार आहे. एखादा शब्द चुकला तर तू टोक."

तिने हात झटकन काढून घेतला. "चुगलखोर!" म्हणाली. "आप बहुत खराब हो." आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मटाराचा भात केला, तिने चार घास खाल्ले, ताटली सरकवली. मी तिची मनधरणी केली नाही. फक्त घरात फिरत राहिले. बाल्कनीचं दार, फ्रिजचं दार, पुन्हा बाल्कनीचं. हे म्हणाले, "आता बसशील का जरा?" बसवत नव्हतं.

दिवे लागले. धुरात प्रत्येक दिव्याभोवती एक मळकट गोल. बूट जिन्याने वर आले. बेल वाजली. केतकी पिशवी घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली, तिची नजर मला पाठीवर कळत होती.

रूपाली उंबऱ्याबाहेर. मास्क हनुवटीवर, डोळे लाल. सकाळचं काही चेहऱ्यावर नव्हतं, आणि सगळं होतंही. सवयीनेच असेल, तिने विचारलं, "कशी होती?"

"छान नव्हती," मी म्हटलं. "दुपारी रडली. मशीन काढून टाकल्या होत्या. क्लासमध्ये तिला काही कळत नाही, मागच्या वेळीही कळलं नव्हतं, आणि पोरं हसतात. चारच घास जेवली. मला चुगलखोर म्हणाली. तुला सांगू नका म्हणाली होती, तू नोकरी सोडशील म्हणून घाबरते. आणखीही आहे, पण ते दारात सांगण्यासारखं नाही."

मागून केतकी पुटपुटली, "चार घास नाही, पाच खाल्ले."

रूपालीने एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खाली वाकली. त्या बुटांना लांबलचक नाड्या आहेत, वेळ लागतो सोडायला. एक गाठ बसली होती, ती नखाने उकलत, वर न बघता ती म्हणाली,

"सांगा. पहिल्यापासून."